तांबे सरांचं उशिरा गेलेलं पत्र

तांबे सर गेल्याचं त्यांच्या मुलीने, सुजाताने, फोनवर सांगितलं तेव्हा मी परळला हाडांच्या डॉक्टरकडे बसले होते. "काकू, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." मी म्हटलं, "बरं." बरं! आणि तशीच बसून राहिले, कारण माझ्यापुढे तीनच माणसं उरली होती. ज्या माणसाच्या विभागात उभी नोकरी काढली, तो गेल्याचं कळूनही गुडघ्याचा नंबर सोडवला नाही... म्हातारपण असं निलाजरं असतं. घरी येऊन पाय वर करून पडले तेव्हा कुठे रडू आलं. तेही थोडंच. हल्ली रडायलाही दम पुरत नाही.

सर भोईवाड्याचे. वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे, घर बौद्ध, खोली एक आणि भावंडं पाच. त्यातून हा मुलगा निघाला तो थेट सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे. त्यांच्या आईने मला एकदा धरलंच. "काय गो, तू तिकडेच कामाला ना? आमचा पोरगा नक्की करतो काय? मशीन नाय, बाटल्या नाय, नुसता कागद!" मी म्हटलं, "तेच करतात, आजी. कागदावरच." त्यांनी पदर सावरला. "आणि त्याचा पगार देतात?" हे मी सरांना सांगितलं तर ते इतके हसले की खडू खाली पडला. म्हणाले, "आईने वीस वर्षं आधी विचारलं असतं तर मी घाबरून बँकेत लागलो असतो."

मी त्यांच्या विभागात टायपिस्ट. वय तेवीस, नोकरी हंगामी, घरी विधवा आई, आणि डोक्यात असा काही वारा की कुलगुरू रजेवर गेले तर विद्यापीठ मीच चालवीन! सरांचे लेख मी टाइप करायची. इंग्रजी मजकूर मशीनवर, पण समीकरणांची जागा कोरी सोडायची. मग सर बसून ती काळ्या शाईने हाताने भरायचे. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी लालबागला चाळीच्या गॅलरीत उभी राहून मी बायकांना सांगायची, "या आठवड्यात आमचं संशोधन जरा अडलंय." आमचं! आज ती पोरगी समोर आली तर मी तिची वेणी ओढीन.

शिकवायचे ते मात्र मलाही कळल्यासारखं वाटे. फळ्यावर त्यांची चूक कुणी दाखवली की डस्टर त्या मुलाच्या हातात द्यायचे. "या, पुसा. चूक सापडली की ती शोधणाऱ्याची." मुलं एम.एस्सी. होऊन कुठे कुठे गेली, पण भेटली की त्या डस्टरचीच गोष्ट काढतात.

आता जे सांगायचंय ते सांगते. फार थकले आहे, पण हे माझ्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

सर तेव्हा रीडर होते. प्रोफेसरच्या जागेसाठी मुलाखत आठवड्यावर आली होती आणि त्यांचा सगळा भर परदेशात छापून आलेल्या एका लेखावर होता. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, चेहरा उतरलेला. त्या लेखात एक चिन्ह उलटं पडलं होतं. अधिक होतं तिथे उणे हवं होतं, आणि त्याने लेखाचा शेवटच कोसळत होता. जगात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या आलं. त्यांनी दोन पत्रं सांगितली: एक त्या नियतकालिकाच्या संपादकांना, दुसरं निवड समितीला. "मुलाखतीआधी पोचलं पाहिजे हं." मी दोन्ही टाइप केली, सह्या घेतल्या आणि... ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. जावक वहीत नोंदसुद्धा केली नाही. मनात म्हटलं, हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय, आपण वाचवू या. मुलाखत होऊ दे, मग टाकू पत्रं. किती शहाणी होते मी!

सर मुलाखतीला गेले. चुकीबद्दल कुणी विचारलं नाही. समितीला सगळं माहीत आहे आणि तरी त्यांनी आपल्याला घेतलं, असं समजून सर त्या दिवशी विभागाला पेढे घेऊन आले. पहिला पेढा मला दिला. मी खाल्ला.

पुढे महिनाभराने संपादकांचं उत्तर का आलं नाही म्हणून ते विचारायला आले. मला खोटं सुचलं नाही, नाहीतर बोललेही असते. ड्रॉवर उघडला. सरांनी पत्रं हातात घेतली, वरची तारीख पाहिली. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पुन्हा टाइप करा. आजची तारीख टाका."

"सर, जुनीच ठेवते ना... टपालात अडकलं म्हणू."

"पत्र आज जातंय ना? मग आजची."

तिसरं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं: माझी निवड चुकीच्या लेखावर झाली आहे, फेरविचार व्हावा. फेरविचार झाला. जागा दुसऱ्याला गेली. सर रीडर म्हणूनच निवृत्त झाले. आणि त्या तारखेने त्यांना जन्मभर छळलं. विभागात बोललं जाई, "तांबे हुशार हो. निवड होईपर्यंत गप्प बसले, मग साधुपणा." विचारणाऱ्याला सर एवढंच म्हणत, "उशीर झाला." कुणाकडून, ते कधीच म्हणाले नाहीत. माझी हंगामी नोकरी कायम झाली.

परवा दादरला शोकसभा झाली. एक निवृत्त सहकारी चांगल्या मनानेच बोलले, "सरांनाही एकदा मोह झाला होता, माणूसच ते, पण नंतर सावरले." सभागृहाने माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. उठायला गुडघा आडवा आला, असं मी टॅक्सी मिळेपर्यंत स्वतःला सांगत होते. आई जाऊन तीस वर्षं झाली, पेन्शन कुणी काढून घेणार नाही. मग कशाला घाबरले?

दुसऱ्या दिवशी भोईवाड्याला गेले आणि सुजाताला सगळं सांगितलं. तिचा चेहरा माझ्यासमोर घट्ट होत गेला. "आई त्या बोलण्यापायी विद्यापीठाच्या एकाही कार्यक्रमाला गेली नाही, काकू. शेवटपर्यंत. तुम्ही दर दिवाळीला फराळ घेऊन यायचात."

"हो."

"आणि आई तुम्हाला डबा भरून परत द्यायची."

मी म्हटलं, "पेपरात लिहून देते. माझ्या नावानिशी." ती म्हणाली, "द्याच."

मग ती आत गेली आणि एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली. त्या लेखाच्या सुट्या छापील प्रती होत्या; लेखकाला तेव्हा गठ्ठ्याने पाठवायचे. चुकीची प्रत घरातून बाहेर जायची नाही, असा सरांचा नियम होता. कुणी मागितली की आधी काळ्या शाईने चिन्ह दुरुस्त करायचे, शेवटचे दोन परिच्छेद तिरप्या रेघेने खोडायचे, खाली सही करायचे आणि मगच द्यायचे. सुजाता म्हणाली, "एक विद्यार्थी बाबांचे सगळे कागद ग्रंथालयाला देतोय. या अकरा राहिल्यात. मीच दुरुस्त करणार होते."

तिने खोका माझ्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. दुरुस्त केलेली एक प्रत नमुन्याला शेजारी उघडून ठेवली. सरांचं उणं किती सरळ! माझी रेघ चतकोर भाकरीच्या कडेसारखी आली. सुजाताने वाकून पाहिलं. सहीची जागा कोरी सोडून मी पहिली प्रत बाजूला ठेवली.

"सही करा," ती म्हणाली. "तुमची. आणि आजची तारीख टाका."

चौथ्या प्रतीला ती चहा ठेवायला उठली. मी पाचवी ओढली.