बोकडाचं पोट आणि माझं

आमच्या लॅबमध्ये काम थोडं आणि वाट बघणं फार. बोकडाच्या पोटाच्या स्नायूची छोटी पट्टी कोमट खारट पाण्यात टांगायची, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे आणि ती स्थिर होईपर्यंत स्क्रीनवरच्या रेषेकडे बघत बसायचं. बसलं की माणसं बोलणारच. त्यामुळे आमच्याकडे रिझल्ट कमी आणि किस्से जास्त झालेत.

मी मूळची यवतमाळची, पुण्याजवळ लोणी काळभोरच्या एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करते. आतड्यातले जंतू अन्नातून जी आम्लं तयार करतात, त्यांनी पोटाचा स्नायू सैल पडतो का, हा माझा विषय. पडतो! मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मुदतवाढी सगळ्या संपल्या होत्या आणि फर्मान आलं होतं, की कमिटीसमोर पट्टी सैल पडताना दाखवा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. तेव्हापासून माझी झोप उडाली.

न राहवून मी आमच्या गाइडसरांना विचारलं, "सर, त्या दिवशी पट्टी हललीच नाही तर?"

सरांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "तर तुम्ही हला. यवतमाळच्या गाड्या संध्याकाळी सुटतात."

*

बोकडाचं पोट, म्हणजे वजडी, आम्ही गावातल्या दशरथमामांच्या मटणाच्या दुकानातून आणतो. थंडगार सलाइनच्या थर्मासमध्ये टाकायची आणि बसने कॉलेज गाठायचं. एकदा केतकी बरोबर होती. केतकी माझी लॅबमधली जोडीदार. तिच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही, पण वजडी कापायला हीच पुढे. तिने थर्मास मांडीवर घट्ट धरलेला पाहून तिच्या शेजारच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, चहा का गं?

"नाही, पोट आहे."

"अगंबाई, कोणाचं?"

"बोकडाचं. मी शाकाहारी आहे."

काकू उठून थेट ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला बसायला जागा झाली.

*

काळजीने माझ्याच पोटात पीळ पडायला लागला. रूम विश्रांतवाडीला, तिथल्याच एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, काय करता? मी म्हटलं, पोटाच्या स्नायूंवर संशोधन. मग कशाने होतंय ते तुम्हीच सांगा, म्हणाले. मला कोणी विचारलं की मी थांबत नाही. अ‍ॅड्रिनलिन, आम्लं, जंतू, सगळं घडाघडा सांगून टाकलं. बाहेर पेशंट खोकून खोकून दमले.

डॉक्टरांनी शांतपणे पेन आणि प्रिस्क्रिप्शनचं पॅड माझ्याकडे सरकवलं. "हं, आता औषध लिहा."

*

कमिटीच्या आधी रंगीत तालीम घेतली. केतकीने पट्टीवर अ‍ॅड्रिनलिनचे थेंब सोडले आणि स्क्रीनवरची रेषा खाली आली, म्हणजे पट्टी सैल पडली. माणूस घाबरला की शरीरात हेच सुटतं आणि पोट काम टाकून बसतं. माझी पाळी आली तेव्हा पिपेट इतकं थरथरत होतं, की थेंब बाहेरच पडले.

सर म्हणाले, "पुस्तकात फक्त पोट लिहिलंय. तुमचे हातही बंद पडतात, हे नवीन आहे. पेपर लिहा."

*

आणि मग तो दिवस.

वजडी घेताना मामांशी रोजचा वाद असायचा. आम्हाला ती न धुता हवी, कारण गरम पाणी लागलं की स्नायू मरतो, मग त्यावर काहीही ओता, तो हलत नाही. तशी घाण गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला मामांचा जीव व्हायचा नाही, पण माझ्यासाठी द्यायचे. आदल्या संध्याकाळी थर्मास ठेवायला गेले आणि टेन्शनमध्ये बोलून गेले, की उद्या मोठे साहेब येणारेत, माझं सगळं त्यांच्या हातात आहे, जरा नीट द्या. सकाळी मामांनी बंद थर्मास हातात दिला. काळजी करू नका म्हणाले.

कमिटी येऊन बसली. बाहेरचे परीक्षक कोल्हापूरचे, वयस्कर, चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. मी थर्मास उघडला आणि हळदीचा वास आला.

आत पांढरीशुभ्र वजडी. उकळत्या पाण्यात घालून खरवडलेली, बेताचे तुकडे केलेली, हळद-मीठ लावलेली.

पॅसेजमध्ये जाऊन मामांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, मोठ्या सायबांसाठी हाय म्हनल्यावर तशीच घान कशी देऊ?" दुसरी आहे का विचारलं, तर सगळी विकली गेली होती.

मी आत आले. डोळे भरून आले होते. सरांनी पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची पुढे केली, त्याने तर मी आणखी घाबरले. परीक्षकांना जे झालं ते सगळं सांगितलं. ते उठले, थर्मासमध्ये वाकून बराच वेळ बघत राहिले. एक तुकडा चिमट्याने उचलून नाकाशी नेला.

"पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो," ते म्हणाले. "पट्टी तेव्हा दाखवा. खाटकाला मात्र मी येतोय हे सांगू नका."

मी मान हलवली.

दारापर्यंत गेलेले परीक्षक परत वळले.

"आणि ही बांधून द्या."