न रुतलेला काटा

तुम्ही आमच्या घरचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. घरात हे कुणालाच ठाऊक नाही — बायकोला नाही, ताईला नाही, आणि मायला तर नाहीच. धुळ्याच्या डॉक्टरांसमोर मी वर्षभर बसलो. त्यांना आरशाचं सांगितलं, टेपचं सांगितलं, लाज वाटेल ते सगळं सांगितलं. पण त्या एका सकाळपाशी आलो की मी घड्याळ बघायचो आणि बसची वेळ झाली म्हणून उठायचो.

आधी अंगाचं सांगतो. ते सोपं आहे — म्हणजे आता सोपं झालंय.

मी धिप्पाड माणूस. तळोद्याला नोकरीला, तिथल्या बाजारात भाजीवाल्या बाया मला पैलवान म्हणून हाक मारायच्या. दंड साडेसोळा इंच. आणि मला आरशात काय दिसायचं? पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती वाळकी काडी. शाळेत माझं हे नाव पडलं होतं. आमच्या गावात, कळसाडीत, निम्म्या पोरांना असलं काहीतरी नाव असतं, त्यात नवल नाही. बाकीच्यांची नावं गळून गेली, माझं तेवढं अंगात राहिलं. भर मे महिन्यात मी शर्टाखाली दोन बनियन घालायचो, भरदार दिसावं म्हणून. बॅगेत शिंप्याचा टेप असायचा. दुपारी ऑफिसच्या संडासात जाऊन दंड मोजायचो — सकाळपासून कमी तर झाला नाही? हसू येतंय ना? येऊ द्या. लग्नाच्या पंगतीत बसायचो नाही, उकडलेली अंडी डब्यात नेऊन गाडीपाशी उभ्यानं खायचो. आणि उघड्या अंगानं कुणासमोर — छे. कधीच नाही.

आबांना मात्र माझा कोण अभिमान. ते स्वतः किडकिडीत. सकाळी अंगणातल्या दगडावर उघडेबंब बसून आंघोळ करायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऊस किती वाढला ते विचारत. एकेक बरगडी मोजून घ्यावी. त्यांना त्याचं काही नव्हतं. मलाच बघवायचं नाही. बापासारखं दिसण्याची एवढी भीती कुणाला असते का?

मग आबा आजारी पडले. पोटाचं दुखणं, उशिरा कळलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ताई माहेरी येऊन राहिली. मी दर रविवारी जायचो, खाटेपाशी बसायचो, आबांचा हात हातात घ्यायचो. आणि — इथंच थांबावंसं वाटतंय — तो हात हातात असताना माझ्या मनात दुसरंच चाललेलं असायचं. मी एकुलता मुलगा. अग्नी मलाच द्यायचा. म्हणजे ओलं धोतर, उघडं अंग, हातात मडकं, आणि मागे अख्खं गाव. आबा खाटेवर श्वास ओढायचे आणि मी त्या दिवशी कसा दिसेन याची चिंता करायचो. एखाद-दोन वेळा नाही, महिनाभर. घरच्यांना वाटायचं, बापाच्या काळजीनं गप्प झालाय. माय माझ्या पाठीवरून हात फिरवायची.

तो मंगळवार होता. पहाटे साडेपाचला ताईचा फोन आला. "आबा तुन्ही वाट पाही ऱ्हायनात. निंघ लवकर," एवढंच बोलली. मी म्हणालो, निघतोच. तळोद्याहून आमचं गाव तासाभराचंसुद्धा नाही. मोटरसायकल दारात, टाकी भरलेली. मी शर्ट घातला, किल्ली घेतली, निघालो.

चौकातून सरळ गेलं की शहाद्याचा रस्ता लागतो. डावीकडे वळलं की जिम.

मी डावीकडे वळलो.

कारण सांगू? व्यायाम केला की अंगात रक्त भरतं आणि दोन-तीन तास ते फुगलेलं राहतं. आज गावासमोर शर्ट उतरवावा लागणार, हे मला फोनवरच कळलं होतं. म्हटलं, अर्धाच तास. छाती केली, खांदे केले, दंड केले. पाय केले नाहीत. पाय धोतरात झाकले जाणार होते. होय, एवढा विचार केला मी. बाप जिवंत होता, माझं नाव घेत होता, आणि मी त्याच्या अंत्ययात्रेसाठी तयार होत होतो. तिरडी बांधणारासुद्धा आधी श्वास थांबू देतो.

फोन समोर बाकावर ठेवला होता. तो वाजला. ताईचं नाव दिसत होतं. हातात वजन होतं, सातवी-आठवी उचल असेल. मी बारा पूर्ण केल्या. फोन बंद झाला. पुन्हा वाजला. तोवर उजवा हात झाला होता, डावा राहिला होता — एक दंड भरलेला आणि एक नाही, असं गावात कसं जायचं? मी फोन उलटा ठेवला आणि डावा केला.

हेच ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिसरा फोन मी शहाद्याच्या अलीकडे गाडी थांबवून घेतला. ताई रडत नव्हती. म्हणाली, आबा गेले, आत्ताच. शेवटपर्यंत एकच विचारत होते — "हेम्या उना का?" तिनं त्यांना सांगितलं होतं, आला, शहाद्यापर्यंत आला. मी तेव्हा जिममध्ये होतो.

आमच्या शेताच्या वाटेवर एक बाभूळ होती. तिथं मी उतरलो. मागच्या चाकाच्या वालमधली पिन दाबून धरली. हवा सुटत राहिली, बराच वेळ. मग बसलेल्या चाकाची गाडी ढकलत गावात शिरलो. खरं सांगायला बसलोच आहे तर हेही सांगतो — ढकलताना दंडांवर ताण येत होता, तो मला हवाच होता. दारात माणसं जमली होती. कुणी काही विचारण्याआधीच मी सांगून टाकलं, बाभळीचा काटा रुतला, फार वेळ गेला. चोराच्या मनात चांदणं. माय माझ्या गळ्यात पडली आणि मी छाती आत जाऊ नये म्हणून श्वास धरून ठेवला.

स्मशानापर्यंत तो तसाच धरला. मडकं घेऊन पुढे चालताना डोळ्यांच्या कडेनं मी स्वतःचाच दंड बघत होतो. चिता पेटल्यावर आबांचे धाकटे भाऊ, नाना, माझ्या शेजारी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बापनी कमाई पोऱ्याना आंगवर दिसस." कौतुकानंच म्हणाले ते. आणि मला बरं वाटलं. आबा समोर जळत होते आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताईचे यजमान गाडी पंक्चरवाल्याकडे नेऊन आले. ट्यूब पाण्यात दोनदा फिरवली, भोक सापडलं नाही, म्हणाले. माझ्याकडे जरा पाहिलं. मग तेच म्हणाले, वाल खराब असेल, नवा टाकलाय. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पण माय विसरली नाही. तेरावं झालं आणि तिनं सांगितलं, ती बाभूळ तोडा. आबा चाळीस वर्षं त्या बाभळीखाली भाकर खायचे, बैल तिथंच बांधायचे. नाना म्हणाले, वहिनी, झाडाचा काय गुन्हा? मायनं उत्तर दिलं, "तिनी मन्हा पोऱ्याले बापनं तोंड पाहू दिधं नही." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात अंगानं मोठा मीच. कुऱ्हाड मीच घेतली. बाभळीचं लाकूड चिवट, सकाळ गेली. प्रत्येक घावाला सांगता आलं असतं. माय तिथंच बांधावर बसली होती, हाकेच्या अंतरावर. सांगितलं का? नाही सांगितलं. झाड पडलं तेव्हा ती उठली आणि पदरानं माझा घाम पुसला.

त्यानंतर दोन वर्षांनी मी ऑफिसात चक्कर येऊन पडलो, बायकोनं धुळ्याला नेलं, तिथं कळलं की या आरशाच्या आजाराला नाव आहे. टेप मी स्वतःच्या हातानं चुलीत टाकला. आता पंगतीत बसतो, दुसऱ्यांदा भात मागतो. सुट्टीला गावी गेलो की आबांच्या दगडावर बसून अंगणात आंघोळ करतो, उघड्या अंगानं. कुशीपाशी आता बरगड्या दिसू लागल्यात, थेट त्यांच्यासारख्या. मी त्यांना साबण लावतो, झाकत नाही. अंगाशी माझं भांडण मिटलंय. आजार होता, असं तुम्ही म्हणाल. होता. पण फोन आजारानं उलटा ठेवला नाही, मी ठेवला. वालची पिनही मीच दाबली.

माय आता वाकून चालते. रविवारी दुपारी मी परत निघालो की काठी टेकत गाडीपाशी येते. "हवा पाही लिधी का रे?" विचारते. दर वेळी. एवढ्या वर्षांत एकदाही चुकली नाही.

"पाही लिधी, माय," मी म्हणतो.

तरी ती खाली वाकते आणि मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघते.