वहिनींच्या लुगड्यातले डॉक्टर

डॉक्टर सकाळ-संध्याकाळ पायजम्यावर आपल्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, लुगडे गुंडाळून म्हशीची धार काढत. पदर डोक्यावर, चष्मा नाकाच्या टोकाला, गुडघ्यांत बादली. आमच्या गल्लीत याचे कुणाला हसू आले नाही. म्हैस एका हाताला सवकली की दुसऱ्या हाताला पान्हा सोडत नाही. घरची बाई माहेरी गेली तर पुरुषाने तिचे लुगडे अंगावर घेऊन बसावे, ही कोल्हापूरच्या गोठ्यांतली जुनी तोड आहे. फरक इतकाच की वहिनी माहेरी गेल्या नव्हत्या. त्या वारल्या होत्या.

डॉक्टर माणसांचे नव्हते. जनावरांच्या शरीरशास्त्रावर त्यांनी परगावच्या एका संशोधन केंद्रात उमेदीची वर्षे घालवली. निवृत्तीनंतर ते आमच्या शेजारी राहायला आले. मी वर्तमानपत्रात होतो, म्हणून मला ते ‘पत्रकार’ म्हणत आणि कामाविषयी काही विचारले की शेणाची पाटी उचलून उठत. एकदाच थोडे बोलले. वासराचा वास कापडावर उतरवून ते कापड गाईसमोर धरले, तर वासराशिवायही गाय पान्हा सोडते, हे त्यांनी तिथे करून दाखवले होते.

“मग वासरांचं काय केलंत?” मी विचारले.

“दूध वाढलं,” ते म्हणाले.

गंगी म्हैस वहिनींची. तिचे पहिले रेडकू दगावले तेव्हा वैरण आणून देणारे रफिकभाई म्हणाले, “कातड्यात पेंढा भरून देतो. म्हस चाटती आणि पान्हा सोडती.” वहिनींनी नको म्हटले. त्या नुसत्या गंगीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या आणि गंगीने दूध दिले. डॉक्टर दारात उभे राहून पाहत होते. “म्हशीला माणूस लागत न्हाय,” ते मला म्हणाले. “माणसाचा वास लागतो. तेवढा दिला की झालं.” हे वाक्य ते पुढेही अनेकदा म्हणत.

वहिनी अंथरुणाला खिळल्या तेव्हा लुगड्याची युक्ती त्यांनीच सांगितली. खिडकीपाशी खाट घेऊन त्या नवऱ्याची फजिती पाहत. “पदर नीट घ्या की. ती बघतीया.” डॉक्टर अडखळले की खोकला येईपर्यंत हसत. संध्याकाळी डॉक्टर कोमट पाण्यात कापूस बुडवून त्यांचा गळा, मान, कानामागचा भाग पुसत. इतक्या हळुवारपणे मी कुणाला आजाऱ्याचे अंग पुसताना पाहिलेले नाही. वहिनी मला म्हणाल्या, “आयुष्यभर जनावरांना हात लावला यांनी. आता कुठं माझा नंबर लागलाय, भाऊजी.”

वहिनी गेल्यावर लुगडे सुटले नाही. दर आठवड्याला ते धुऊन दोरीवर वाळत पडे. रफिकभाईंना एक गोष्ट खटकली. कुंपणापाशी मला थांबवून ते हलक्या आवाजात म्हणाले, “लुगडं साबणानं धुतल्यालं हाय, आणि वास वहिनींचा येतोय. रोज येतोय. मला जनावरातल्या माणसाला कळतंय, पत्रकार. म्या आता आत जात न्हाय, वैरण दारातच टाकतो.” वास मलाही येत असे. दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात पाय टाकला की कुणीतरी आत्ताच पाटावरून उठून परसात गेले आहे, असे वाटे.

उलगडा त्यांच्या मुलीने केला. मंगल पुण्याहून आली होती. दही घ्यायला तिने फ्रीज उघडला, तर मागच्या कप्प्यात झाकणाच्या बरण्या होत्या आणि बरण्यांत कापूस. आईच्या अंगावरून फिरवलेला तोच. डॉक्टर त्याचा अर्क काढून धुतलेल्या लुगड्याला लावत होते. मी दुधासाठी किटली घेऊन दारात उभा होतो.

“आई मला फोनवर सांगायची, तुझे बाबा आता माझी सेवा करतात,” मंगल म्हणाली. “सेवा करत होतात की नमुने घेत होतात?”

डॉक्टरांनी बरण्या होत्या तशा लावल्या. “दोन्ही एकाच कापसानं झालं,” ते म्हणाले.

“एवढंच?”

“एवढंच.”

ती त्याच दिवशी गेली. आईला हात लावताना तुमच्या मनात काय होते ते सांगा, मग येते, असे तिने बजावले. पुढच्या दिवाळीला ती आली नाही. डॉक्टरांनीही फोन केला नाही.

मी त्यांना एकदा विचारले, “लुगड्याशिवाय कधी बसून पाहिलंत का? गंगीला आता तुमची सवय झाली असेल.” प्रयोग करणाऱ्याला हे पहिल्यांदा सुचायला हवे. डॉक्टरांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “ते बघायचं न्हाय,” ते म्हणाले.

एका सकाळी धार काढून ते खाटेवर आडवे झाले, ते उठले नाहीत. मंगल येईपर्यंत संध्याकाळ झाली. अंगणात माणसे जमली होती आणि गोठ्यात गंगी हंबरत होती. तिची कास ताठली होती. रफिकभाई बसले, तर तिने बादली उडवली. “तुंबलं तर सड जात्यात, ताई. कायतरी करा.”

मंगलने आईचे लुगडे नेसले. शेवटच्या बरणीतला अर्क पदराला चोळला. क्षणभर गोठ्यात वहिनी आल्यासारखे झाले. रफिकभाई दोन पावले मागे सरकले. गंगीने पदर हुंगला, मान वळवली आणि पान्हा चोरला. मंगलने पुन्हा हात लावला. थेंब आला नाही.

खुंटीवर डॉक्टरांचा सकाळचा सदरा लटकत होता. रफिकभाईंनी तो काढून मंगलच्या खांद्यावर टाकला. गंगीने तो हुंगून लांब श्वास सोडला आणि बादलीत धार वाजू लागली.

मंगल म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवून पिळत राहिली. मग तिने विचारले, “बाबांना हे माहीत होतं?”

“धार काढणाऱ्याला कळतंय की,” रफिकभाई म्हणाले. “त्यांस्नी लुगडं सोडायचं नव्हतं.” मग गंगीच्या दाव्याला हात लावत म्हणाले, “म्हस म्या नेतो. पर सदऱ्याचा वास किती दिस टिकायचा, ताई?”

मंगल बादली घेऊन उठली. अंत्ययात्रेआधी तिने कोमट पाणी मागितले. कापूस भिजवून वडिलांचा गळा पुसला, मान पुसली, मग कानामागे पुसले. फार सावकाश पुसले. कापूस टाकायला ती परसाकडे निघाली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला. रिकामी बरणी ओट्यावरच होती. तिने कापूस आत घातला, झाकण घट्ट लावले आणि बरणी दह्याच्या भांड्यामागे ठेवली.