गॅलरीतलं स्वयंपाकघर

त्रेंदाफिलने आयुष्यभर बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात लोकांच्या न्हाणीघरांत टाइल्स बसवल्या. स्वतःच्या घराचं काम मात्र दिवसपाळी संपल्यावर. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटची गॅलरी त्याने विटा आणि काचांनी बंद केली, चूल आणि मोरी तिथे नेली, आणि जुनं स्वयंपाकघर मुलीला खोली म्हणून दिलं. कॉलनीत बहुतेकांनी तसंच केलं होतं, पण त्याच्या टाइल्सच्या सांध्यांत नखही शिरत नव्हतं. लिफ्ट नव्हती. सिमेंटच्या गोण्या त्याने पाठीवर वर आणल्या.

त्याच्या बायकोने, गिंकाने, तेव्हाच विचारलं होतं, मग मी हवेला कुठे बसू? खाली बाक आहे की, तो म्हणाला.

मुलगी स्पेनला गेली ती तिकडचीच झाली. पुढे गिंकाचे गुडघे गेले आणि जिना उतरणं बंद झालं. बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या बायकांचं हसणं तिला काचेआडून ऐकू येई. शेवटी फ्लॅट विकून तळमजल्यावर घर घ्यायचं ठरलं. त्रेंदाफिलने इमारतीच्या दारावर विक्रीचा कागद चिकटवला.

व्हेसेलिन नावाचा तरुण बघायला आला. टाइलवर बोट वाजवून हसला.

"काका, काम दगडासारखं आहे. फोडायला महाग पडणार."

त्याला गॅलरी उघडी हवी होती. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जिथे कुणी खिळाही ठोकला नव्हता, जास्त किमतीला गेला होता. व्हेसेलिनने तोडफोडीचा खर्च वजा करून आकडा सांगितला. त्यात तळमजल्याचं घर जेमतेम बसत होतं.

"माझी मेहनत वजा करतोस?"

"मेहनत नाही काका, राडारोडा. तो खाली वाहायला माणसं लागतात."

त्रेंदाफिलने दार उघडून धरलं.

"देऊन टाकायचास की," गिंका म्हणाली. "टाइल्स काय छातीशी धरून नेणार आहेस?"

"कदर असलेला येईल कुणीतरी."

"येईल हो. तोवर मी भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलते."

कुणी आलं नाही. थंडीत गिंकाच्या छातीत कफ धरला आणि ती गेली. चौघांनी शवपेटी उतरवली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती उभी करावी लागली. त्रेंदाफिल मागून येत होता, हात लावायला जागा नव्हती. इमारतीच्या दारावर विक्रीच्या कागदाशेजारी तिच्या फोटोचा, ती गेल्याचं कळवणारा कागद लागला.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्याने रिवाजाप्रमाणे बाकावरच्या बायकांना तिच्या नावाचा गोड गहू वाटला. विक्रीचा कागद खरवडून काढला, तिचा राहू दिला. वर जाऊन छिन्नी-हातोडा घेतला आणि गॅलरीतल्या चुलीमागच्या भिंतीपासून सुरुवात केली.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरची रायना धापा टाकत वर आली.

"आता कुणासाठी रे?"

तो थांबला नाही. त्याने कधी काळी बसवलेली एकही टाइल अखंड निघत नव्हती.

"फोडायला खरंच महाग आहे," तो म्हणाला.