मामाने हैफा जवळ आणलं

आमच्या मामाला बरोब्बर मापाची वस्तू सहन होत नसे. शर्ट असो, सपाता असोत, भाताचं पातेलं असो, सगळं एक माप मोठं. "वाढत्या अंगाचं घ्यावं," हे त्याचं तत्त्वज्ञान कोकणातून मुंबईमार्गे दक्षिणेच्या वाळवंटातल्या ओफाकिमला आलं होतं. एकुलत्या एक मुलीच्या, शोशीच्या, शाळेच्या स्वेटरात दोन शोशी सहज मावल्या असत्या. तेव्हा त्याच्या पिकअपची, म्हणजे इथल्या भाषेत टेंडरची, टायरं गुळगुळीत झाल्यावर त्याने नवी घेतली तीही मोठ्या मापाची, याचं आम्हाला नवल वाटलं नाही.

गॅरेजचा मोरोक्कन मालक मात्र हबकला. "जुन्या रिमवर बसतील, पण वळताना घासतील," तो म्हणाला.

"घासू दे. नवीन बूट चावत नाय काय?"

"अरे, पण पोरगा वाढतो. गाडी कुठे वाढते?"

"तुला काय ठाव?" मामा म्हणाला. "तू माझ्या टेंडरचा डॉक्टर हायस काय?"

टायरं बसली. रिमवर चढवताना दोघांचा घाम निघाला आणि हवा भरताना कड जागेवर बसली ती असा बार काढून, की मामा थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मग मडगार्डचा पत्रा कापावा लागला. तरीही वळताना टायर खरवडायचंच. तो आवाज कोपऱ्यावर आला, की मामी चहाचं आधण ठेवी. टेंडर इतकं उंच झालं होतं, की तिला चढायला घरातला पाट न्यावा लागे. "लोक हवेशीर घर बांधतात, यांनी गाडी बांधलीय," असं ती येईल त्याला सांगे.

त्या दिवसांत शोशी बापाशी बोलत नव्हती. पार उत्तरेकडच्या हैफाच्या बंदरावर काम करणारा एक मुलगा तिने पसंत केला होता. मुलगा आपल्यातलाच, कोकणातल्या ज्यूंचा, घर चांगलं. मामा जुन्या टायरांवर जाऊन पाहूनही आला होता, आणि टेंडरचं मीटर वाचून "येवढ्या लांब मुलगी देनार नाय" म्हणून बसला होता. शोशीने "अब्बा, दाय!" म्हणजे 'पुरे' एवढंच सुनावलं आणि तोंड मिटलं. दिवसभर बडबडणाऱ्या आमच्या मामाला ते फार लागलं. पण एकदा नाही म्हटलेला माणूस, माघार घेणार कुठल्या तोंडाने?

पुढे मुलाकडच्यांनी हैफाला एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या गुहेपाशी मळिदा, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचा विधी, ठेवला. त्या आमंत्रणाला नाही म्हणण्याची मामाची छाती नव्हती. आम्ही सगळे नव्या टायरांवर गेलो. परतल्यावर मामाने मीटर वाचलं, पुन्हा वाचलं आणि ओरडला, "गो, हैफा जवळ आलं!"

गॅरेजवाल्याने समजावलं, की टायर मोठं झालं की चाकाचे फेरे कमी होतात, म्हणून मीटर कमी दाखवतं. रस्ता होता तेवढाच आहे. मामाने ऐकून घेतलं. "रस्त्याला कोन इचारतो?" तो म्हणाला. "मीटर कंपनीने बसवलंय." आणि घरी येऊन शोशीला म्हणाला, "जवळच हाय तर कर बाय लग्न." तो हिशेब त्याला कळत नव्हता, असं मला आजही वाटत नाही.

मेंदी ओफाकिमला झाली, लग्न हैफाला. नवरीला त्याच टेंडरमध्ये, मामा-मामीच्या मधे बसवून नेलं. मी मागे उघड्यावर होतो. परतताना मी शोशीच्या जागेवर बसलो. घासणाऱ्या टायरांवरूनसुद्धा मामाने एकदाही वाद घातला नाही. शेवटी मामीच्याने राहवेना. ज्या टेंडरची तिने गल्लीभर टवाळी केली होती, त्याच्याच मीटरवर बोट ठेवून ती म्हणाली, "अवो, बघा तरी. हैफा कितीसं लांब हाय?"

मामाने बघितलं नाही.

"हैफा जवळच हाय गो," तो म्हणाला. "ओफाकिमच लांब गेलं."