स्पीकरची टिकटिक

काल मुलाच्या कॉम्प्युटरला माझे जुने स्पीकर जोडले आणि त्यांतून टिकटिक आली.

कासारवाडीच्या खोलीत ते मीच बनवले होते. भंगारातल्या टेपचे स्पीकर, प्लायवूडचं खोकं. पहिल्यांदा लावले तेव्हा सोल्डरचा धूर अजून खोलीतच होता आणि गाण्याआधी अशीच टिकटिक झाली. कंपनीत मोबाईल नेऊ देत नसत, म्हणून पप्पांचा फोन घरीच, स्पीकरशेजारी होता.

"फोन यायच्या आधी स्पीकर असा टिकटिकतो. आता वाजेल बघ," मी आईला हसत म्हणालो. वाजला. आईने उचलला. कंपनीच्या फोनवरून पप्पांचे मित्र होते.

"वहिनी, भाऊ घरीच हायेत का? शिफ्टला आले न्हाईत."

पप्पा सकाळीच सायकलवर निघाले होते. ते परत आलेच नाहीत.

तो फोन कधीच बंद पडलाय. तरी काल आई हात पुसत बाहेर आली.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "वाजेल आता."