अक्रोडाचा खुंटा

लाकडाचं खोटेपण ओळखण्यात आमच्या मावसोबांचा हात धरणारा प्राणी या पृथ्वीच्या पाठीवर नाही. पोटात असलाच तर तो वाळवीच्या जातीचा असणार. मावसोबा म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. त्यांची सगळी फौजेतली नोकरी जुन्या रायफली दुरुस्त करण्यात गेली. रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा तो मागचा अक्रोडाच्या लाकडाचा भाग, कारखान्यातून निघाला तेव्हाचा आहे की मागाहून कुणी बसवलेला, हे ते नुसतं हुंगून सांगत. पेन्शन घेऊन तेलगावजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा दस्ते मागे राहिले आणि नाक तेवढं सोबत आलं. मग लग्नात जेवायला बसण्याआधी पाट उलटा करून हुंगायचा, कुणाच्या दारी गेले की कडी न वाजवता चौकट वाजवायची, असं सुरू झालं. एकदा सोसायटीच्या चेअरमनच्या नव्या खुर्चीवर त्यांनी नख मारलं आणि भर मीटिंगमध्ये निकाल दिला, "वरून शिसव, आतून बाभूळ. बसणाऱ्याला शोभती." पुढच्या निवडणुकीत चेअरमन पडला. गाव अजून म्हणतं, मावसोबांनी तर आधीच ठोकून पाहिला होता.

त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर एक रायफल होती. आपल्याच जिल्ह्यातल्या पोलिसांच्या मोडीतली, नळी बुजवून मुकी केलेली, रीतसर कागद करून घेतलेली. तिच्यासमोर उभं करून ते मला शिकवायचे, "कोपऱ्याची धार बघ बे. पॉलिशपेपर फिरला की दस्ता बाटला. अस्सल अक्रोड लोखंडापरीस केसभर उठून असतं. घासलं की खाली बसतं. मानसाचं बी तसंच हाय." पण या रायफलीनेच त्यांना घोर लावला होता. नळीवर आणि पुढच्या लाकडावर एकच नंबर ठोकलेला, मागच्या दस्त्यावर मात्र परका. खरा दस्ता मिळाल्याशिवाय आपल्याला सुखाने मरण यायचं नाही, असं ते सांगत. मावशी म्हणायची, "इतकी वर्सं झाली, माझं नाक-डोळं कदी न्याहाळलं न्हाईत. त्या लाकडाचे तीळसुद्धा पाठ हायत!"

पुढे असा दुष्काळ पडला की पोरं विहिरीच्या तळाशी क्रिकेट खेळायची आणि चेंडू वर आला तरच षटकार. सोसायटीने चारा छावणी काढली. उसाच्या शेंड्यांचं वाढं वाटायला मावसोबांना नेमलं, कारण शिळं वाढं ते फर्लांगावरून ओळखत. तिथे धर्मापुरीची एक म्हातारी आपली म्हैस घेऊन लेकीच्या आसऱ्याला आली होती. मावसोबा तिला वाढं द्यायला गेले आणि म्हशीच्या खुंट्यासमोर शेणात सपशेल आडवे झाले. खुंटा नव्हताच तो, जमिनीत उलटा ठोकलेला रायफलीचा दस्ता होता!

"आक्का, हे कुठलं?"

"कावून? मालक पोलिस ठाण्याच्या मोडीच्या लिलावाला गेलते, त्या भंगारात आलं." म्हातारीने दस्त्याच्या पितळी टाचेवरचं झाकण उघडलं आणि फौजेने तेलाच्या कुपीसाठी केलेल्या त्या कप्प्यातून तंबाखूची चिमूट काढली.

मावसोबांनी धोतराच्या सोग्याने माती पुसली. नंबर तोच! त्यांनी खुंट्याला कपाळ टेकवलं. गडी म्हशीच्या पाया पडतोय असं वाटून म्हातारीनेही हात जोडले.

"न्या की," सगळं ऐकून ती म्हणाली. "पर माजी म्हैस दुसऱ्या खुंट्याला थांबत न्हाई, पाव्हणं. मागं सुटली ती दोन दिस गावली न्हाई. तिच्याबिगर माजं कोन हाय? ती गेली की मीबी गेले समजा."

"एवढंच ना?" मावसोबा म्हणाले. त्यांनी बाभळीचा खुंटा ठोकला. म्हशीने दातकोरणीसारखा उपसला. सागाचाही तसाच गेला. लोखंडी पहार तिने वाकवली. तंबूच्या खांबाला बांधली, तर तंबू आतल्या नव्या चेअरमनसकट चालू लागला. शेवटी मावसोबा घरी गेले आणि रायफलीचा तो परका दस्ताच काढून घेऊन आले. म्हशीने तो वरपासून खालपर्यंत हुंगला, अगदी मावसोबांच्याच थाटात. मग त्यांच्याकडे एक कीव केल्यासारखी नजर टाकली, मान झटकली आणि दस्ता फेकून दिला.

सगळी छावणी भोवती जमली होती. मावसोबांनी अस्सल दस्ता उराशी धरला होता. त्यांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं, मग दस्त्याच्या टाचेवर गोणपाटाची घडी ठेवली, पितळेला पोचा पडू नये म्हणून, आणि आपल्या हाताने तो पुन्हा जमिनीत ठोकला. म्हैस शेजारी बसली, रवंथ करू लागली.

"तिलाबी कळतं," मावसोबा पुटपुटले. "माझ्यापरीस चांगलं."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते अळशीचं तेल आणि फडकं घेऊन छावणीत जात. ते खुंट्याला तेल चोळत आणि म्हैस त्यांची टोपी चाटत असे. रानात चारा झाला तशी छावणी उठली. टेम्पोत म्हैस चढली, तिच्यामागे खुंटा चढला. मावसोबांनी म्हातारीच्या हाती तेलाची बाटली दिली.

"म्हैन्याला एक हात फिरवा, आक्का."

"म्हशीवर का खुंट्यावर?"

"दोघांवर."

परका दस्ता त्यांनी पुन्हा बसवला नाही. भिंतीवर रायफल आता अर्धीच आहे. कुणी विचारलं, ही अस्सल आहे का, तर ते खुशीत सांगतात, "सोळा आणे. अर्धी हितं हाय, अर्धी धर्मापुरीला म्हैस राखती." आणि धर्मापुरीकडून वारा सुटला की बोलता बोलता मध्येच थांबतात, डोळे मिटतात आणि नाक जरा वर करतात.